पाण्यातले फ्लोराइड आणि पाण्यावरचा हक्क

आमच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता : 'सार्वजनिक पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळावे काय?' विषय अमेरिकेतला. पण मुलांनी तयारी चांगली केली होती. अनुकूल बाजूने दातांच्या आरोग्याचे आकडे मांडले, प्रतिकूल बाजूने व्यक्तिस्वातंत्र्य मांडले. शेवटी नालासोपाऱ्याची एक विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली, "सर, आमच्या चाळीत टँकर येतो. त्या पाण्यात काय असते, हे आम्हाला कधी कोणी सांगितलेले नाही. मग काय मिसळायचे आणि काय नाही, हे आम्ही कोणत्या तोंडाने बोलायचे?" मी परीक्षक होतो. विषयाला सोडून बोलली म्हणून मी तिचे गुण कापले. घरी आल्यावर माझी चूक माझ्या लक्षात आली. त्या सभागृहात विषयाच्या मुळाशी गेलेली ती एकटीच होती. तिचा प्रश्न नीट मांडावा, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम हा वाद काय आहे ते पाहू. १९०१ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी मॅके नावाच्या दंतवैद्याला स्थानिक लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. हे डाग पाण्यातल्या फ्लोराइडमुळे पडतात, हे १९३१ साली सिद्ध झाले. पुढे डीन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, पाण्यात लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर डाग फारसे पडत नाहीत, उलट दात किडण्याचे प्रमाण कमी होते. त्या आधारावर २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली.

या योजनेमागचा विचार आपण तुच्छ मानू नये. ज्याला दंतवैद्य परवडत नाही, त्याच्याही मुलाचे दात नळाच्या पाण्याने वाचावेत, हा समतेचाच विचार आहे. विरोधकांचे म्हणणेही पोकळ नाही. ते म्हणतात, क्लोरीन पाण्यावर उपचार करते. फ्लोराइड पिणाऱ्या माणसावर उपचार करते, आणि त्या माणसाची संमती कोणी घेतलेली नसते. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली असा निकाल दिला की, असे मिसळण्याला कायद्याचा आधार नाही. स्वित्झर्लंडच्या बासेल शहराने २००३ साली ही योजना बंद केली. कॅनडातल्या कॅलगरी शहराने २०११ साली बंद केली. मुलांचे दात अधिक किडू लागल्याचे अभ्यासातून दिसले आणि २०२५ साली ती पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी फ्लोराइड मिसळण्यावर बंदी घातली. अमेरिकेत आज शिफारस लिटरमागे ०.७ मिलिग्रॅमची आहे. १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइडचा संबंध मुलांच्या कमी बुद्ध्यांकाशी दिसतो, असे तिथल्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २०२४ साली म्हटले, ०.७ च्या पातळीबद्दल निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असेही त्याच अहवालात आहे. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घरोघर पोहोचल्यापासून पाण्यात मिसळण्याचा फायदाही पूर्वीपेक्षा बराच घटला आहे.

म्हणजे हा वाद दशांश चिन्हानंतरच्या एका आकड्याभोवती फिरतो. तो खोटा नाही. परंतु नळ घरात आहे, पाणी रोज मोजले जाते, मोजमाप नागरिकाला कळते आणि नको असेल तर तो न्यायालयात जातो, एवढे सगळे त्या वादाने गृहीत धरलेले आहे. आपल्याकडे गृहीत धरता येईल असे यातले काय आहे?

आपल्या देशात नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळत नाहीत. ते मिसळण्याचे काम जमिनीखालचा खडक करतो. १९३७ साली मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागात फ्लोराइडच्या विषबाधेची पहिली शास्त्रीय नोंद झाली. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांचे भूजल आज याने बाधित आहे. तिथल्या ग्रॅनाइटसारख्या जुन्या कठीण खडकांत फ्लोराइडची खनिजे असतात. पाणी जितके खोल आणि जितका काळ त्या खडकात मुरलेले, तितके फ्लोराइड त्यात अधिक उतरते. पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर आणखीच.

इथेच एक कडवट गोष्ट आहे. माझी मावशी किनवट तालुक्यात दिलेली. गावच्या विहिरीवर आमच्या बायकांना चढता येत नसे. कोणी दया येऊन वरून घागरीत पाणी ओतले तर ओतले. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर घेतले गेले, हातपंप बसले. मावशीच्या वस्तीतही पंप आला. ती सांगायची, त्या दिवशी बायकांनी पंपाला कुंकू लावले. आता कोणाच्या तोंडाकडे पाहायचे नव्हते. त्याच पंपाच्या पाण्याने वस्तीतल्या मुलांचे दात पिवळे-तपकिरी झाले. पुढे मावशीची पाठ आखडली, मान वळेना. लोक म्हणाले, वय झाले. कोणी म्हणाले, बाहेरचे काही असेल. मुलींचे दात पाहून पाहुणे परत गेले. पाणी तपासायला हवे, हे त्या वस्तीला कोणी सांगितले नाही. उघड्या विहिरीच्या वरच्या थरातल्या पाण्यात फ्लोराइड बहुधा कमी असते, खोल बोअरच्या पाण्यात जास्त. ज्या विहिरीपासून आम्हाला दूर ठेवले, तिचे पाणी कदाचित बरे होते. विटाळातून सुटका म्हणून जे पाणी आम्ही घेतले, ते हाडांत शिरले.

फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाही, त्याला चव नाही, वास नाही. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम ही योग्य मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे मानक म्हणते. त्यापुढे मुलांच्या पक्क्या दातांवर डाग पडतात, आणि आठ वर्षांच्या आत पडलेला डाग जन्मभर राहतो. ३ ते ६ मिलिग्रॅमचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर हाडे व सांधे धरतात. १० च्या वर माणूस अपंग होतो.

परंतु हे प्रमाण लिटरमागे मोजतात, आणि मात्रा माणसामागे पडते. पंख्याखाली बसणारा दिवसाला २ लिटर पाणी पितो. १.५ मिलिग्रॅमच्या पाण्यातून त्याच्या पोटात ३ मिलिग्रॅम फ्लोराइड जाते. उन्हात कापूस वेचणारी मजूर बाई ५ लिटर पिते. तिच्या पोटात ७.५ मिलिग्रॅम जाते. त्यात तिच्या ताटात दूध नाही, म्हणजे कॅल्शियम नाही, आणि कुपोषित शरीराला ही बाधा अधिक छळते. मानक सर्वांना एकच आहे. भोग एक नाही.

यावर उपाय नाही असेही नाही. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढण्याची स्वस्त रीत शोधली. ती 'नालगोंडा पद्धत' म्हणून ओळखली जाते. पण तिला रोज मापाने तुरटी घालणारा माणूस लागतो आणि तळाचा गाळ नीट टाकावा लागतो. यंत्र बसवून निघून जाणाऱ्या खात्याकडून हे होत नाही. काही गावांत धोक्याच्या पंपाला लाल रंग देतात. शेजारी दुसरा पंप नसेल तर बाई लाल पंपावरच घागर लावते. तिला रंग कळत नाही असे नाही. तिला तहान कळते.

महाडचा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण त्यातला एक तपशील या संदर्भात पुन्हा पाहण्याजोगा आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी मंत्र म्हणत तळ्यात सोडल्या. सार्वजनिक पाण्यात काय मिसळायचे, हे त्यांनी कोणालाही न विचारता ठरवले, आणि त्याला शुद्धी म्हटले. तळे खुले असल्याचा न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडले. पाण्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क हा त्या लढ्याचा पहिला अर्थ. पाण्यात काय आहे ते जाणण्याचा आणि काय असावे ते ठरवण्याचा हक्क हा दुसरा; तो अजून मिळालेला नाही.

वसई-विरारला मोठा पाणीपुरवठा सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून होतो. हे धरण प्रथम शेतीसाठी बांधले. त्यात आदिवासींची गावे उठली, आणि पाणी शहरांकडे वळवण्याला आदिवासी शेतकऱ्यांनी विरोध केला. नळाचे पाणी निदान शुद्धीकरण केंद्रातून येते. पण ज्या चाळींत टँकर येतो, तिथे ते कोणत्या विहिरीचे, कोणत्या बोअरचे, हे कोण विचारतो? इथला खडक बहुतांशी बेसॉल्टचा. म्हणून इथे किनवटसारखीच बाधा असेल असे मी म्हणत नाही. न तपासता 'असेल' म्हणणे आणि न तपासता 'नसेल' म्हणणे, दोन्ही सारखेच अडाणीपणाचे.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक पंपावर, टाकीवर, टँकरवर पाण्याच्या तपासणीचा अहवाल तारखेसह मराठीत लावलेला असावा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. त्या पाचांत वस्तीतल्या आणि पाड्यावरच्या बायका असाव्यात. शिकलेल्या आपल्या मुलांनी रसायनशास्त्र परीक्षेपुरते न ठेवता बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत न्यावे. फ्लोराइड मिसळावे की नाही, या वादात मग आपण जरूर उतरू. हातात आकडे घेऊन उतरू.

त्या विद्यार्थिनीचे कापलेले गुण मला परत देता येत नाहीत. परवा तिने चाळीच्या टँकरचे पाणी दोन बाटल्यांत भरून आणले. बाटल्यांवर तारीख आणि वेळ लिहिली होती. टँकर कुठून भरला, ही जागा तिने रिकामी ठेवली होती. चालकाने सांगितले नाही, म्हणाली. उद्या पुन्हा विचारते.