माडाच्या पोयीतील गोडी : लक्षद्वीपची मिष्टान्ने

लक्षद्वीपला जाऊन आलेला प्रवासी तेथील मासळीविषयी भरभरून बोलतो. गोड पदार्थांविषयी मात्र क्वचितच. यात त्याचा दोष थोडा आहे. तेथील मिठाई मुख्यत्वे घरोघरी होते, आणि वाळलेल्या पानात बांधलेली असल्याने ती मिठाई आहे हे नवख्याच्या ध्यानातही येत नाही.

ही मिठाई समजून घ्यावयाची तर आधी तेथील जमीन पाहिली पाहिजे. केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे 220 ते 440 किलोमीटर अंतरावर पसरलेल्या या प्रवाळबेटांचे एकूण क्षेत्रफळ अवघे 32 चौरस किलोमीटर असून त्यांपैकी 10 बेटांवर मनुष्यवस्ती आहे. जमीन म्हणजे प्रवाळाची पांढरी वाळू. नदी नाही, ओढा नाही. मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थराप्रमाणे तरंगत राहते. अशा भूमीत ना ऊस पिकतो, ना भात. माड मात्र उत्तम वाढतो. साहजिकच, बेटावरच्या माणसाला गोडी हवी असेल तर ती माडापासूनच मिळवावी लागे.

माडाची पोय उमलण्यापूर्वी ती दोरीने आवळून बांधतात, काही दिवस हलक्या हाताने ठोकतात आणि मग तिचे टोक छाटून खाली मडके टांगतात. थेंबथेंब पाझरणाऱ्या या गोड रसाला तेथे ‘मीरा’ म्हणतात. सकाळ-संध्याकाळ माडावर चढून रस उतरवायचा आणि टोकाचा पातळ काप पुन्हा घ्यायचा, असे हे काम चालते. मडक्याला आतून चुना लावला नाही तर रस काही तासांतच आंबू लागतो. कोकणात हाच आंबलेला रस माडी म्हणून ओळखला जातो. लक्षद्वीपचा बहुतेक समाज मुस्लिम असल्याने मद्याला तेथे मान नाही. म्हणून ताजा रस आटवून गूळ करावयाचा, किंवा तो पुरता आंबवून शिरका करावयाचा, या दोन वाटा रूढ झाल्या. गुळाला ‘चक्करा’ म्हणतात. रसात साखरेचे प्रमाण शेकडा 15 च्या आसपास असते. म्हणजे एक किलो गुळासाठी सुमारे सात लिटर रस हवा, आणि तो आटवावयास लागणारे इंधन, करवंट्या, सोडणे व झावळ्या, तेही माडाचेच.

रसासाठी बांधलेली पोय नारळ देत नाही, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावयास हवी. नारळापासून खोबरे मिळते, सोडणापासून काथ्या. आणि याच मालाच्या मोबदल्यात मुख्य भूमीवरून तांदूळ येई. कण्णूरच्या अली राजांच्या अमलात तर काथ्याचा व्यापार राज्यकर्त्यांच्या मक्त्याचा होता आणि त्याची किंमत बेटवासीयांना तांदळात चुकती होई. गुळाचा प्रत्येक खडा म्हणजे कुटुंबाने हाती न घेतलेले नारळ, असा हिशेब प्रत्येक घराला करावा लागत असे.

या गुळाच्या पाकात खवलेले खोबरे घालून, मिश्रण घट्ट होईतो ढवळून त्याचे लाडू वळतात आणि वाळक्या पानात बांधतात. दक्षिणेकडील मिनिकॉय बेटावर ‘बोंडी’ मिळते. हिचा आकार लांबट, कांडीसारखा. मिनिकॉयची महल भाषा मालदीवच्या दिवेही भाषेचे रूप आहे, आणि मालदीवमध्येही असाच पदार्थ याच नावाने खातात. पाकामुळे खोबऱ्यातील ओलावा कमी होतो व पदार्थ बरेच दिवस टिकतो. शिडाच्या होडीतून दिवसचे दिवस प्रवास करणाऱ्यांना अशाच शिदोरीची गरज होती. ओल्या नारळाच्या वड्यांहून या मिठाईची चव निराळी लागते ती गुळामुळे. त्याला धुराचा किंचित वास असतो आणि पुसटशी खारट छटाही. गोव्यात माडाच्या गुळाचे दोदोल खाल्लेल्यांना तिची थोडीबहुत कल्पना येईल.

लग्नसमारंभातील ‘किलांजी’ हा याहून नाजूक पदार्थ. तांदूळ व अंडी यांच्या पातळ मिश्रणाची तलम धिरडी करतात आणि नारळाचे दूध, केळी व गूळ यांच्या पातळ, गोड खिरीबरोबर ती खातात. प्रस्तुत लेखकाच्या मते बेटांवरील सर्वांत चवदार गोड खाणे हेच. पण ते बांधून नेता येत नाही, त्यासाठी कोणाच्या घरचे आमंत्रणच हवे.

आज कोचीहून जहाजाने साखर येते. दिवसातून दोनदा माडावर चढण्यापेक्षा ती विकत घेणे सोपे आहे, आणि तरुणांनी ते कष्ट टाळले तर त्यांना बोल लावता येणार नाही. परंतु साखरेच्या पाकातील लाडू फिक्या रंगाचा होतो व निव्वळ गोड लागतो. म्हणून पाहुण्याने विकत घेण्यापूर्वी तो कशात केला आहे हे अवश्य विचारावे. चक्कराचा असेल तर पान सोडताच आतला गडद तपकिरी रंग दिसेल, आणि तो खाण्यापूर्वीच धुराचा वास येईल.