मापाची खुर्ची मिळवायची कशी?

आपल्या वस्तीतल्या एका ताईंचा मुलगा १७ वर्षांचा आहे. मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजाराने अकराव्या वर्षी त्याचे चालणे थांबले, आता हातांतलाही जोर गेला. शिबिरात मिळालेली साधी व्हीलचेअर घरात पडून आहे. ती त्याला रुंद पडते, तो एका बाजूला कलतो आणि चाक फिरवायला हात उचलत नाहीत. ताई त्याला पाठीवर घेऊन कॉलेजला सोडतात. मोटरच्या खुर्चीसाठी दोनदा अर्ज केला. एकदा उत्पन्नाचा दाखला जुना निघाला, दुसऱ्यांदा प्रमाणपत्रावर टक्के कमी भरले. ताई म्हणाल्या, "आपल्या नशिबात नाही." ताई, हा नशिबाचा नाही, कागदांचा प्रश्न आहे.

खुर्ची मापाचीच का हवी? सैल खुर्चीत कंबर घसरते आणि पाठीचा कणा वाकतो. कणा वाकला की छाती दबते, श्वास अपुरा पडतो. तासन् तास एकाच जागी भार आला तर जखमा होतात आणि त्या महिनोन् महिने भरत नाहीत. म्हणून कमरेची रुंदी, मांडीची लांबी, पाठीचा आधार, गादी आणि जॉयस्टिक कोणत्या हाताला, हे सगळे तपासूनच खुर्ची लिहून घ्यावी. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत अशी तपासणी होते. जिल्ह्याच्या ठिकाणी दिव्यांग पुनर्वसन केंद्रात चौकशी करा.

विम्याचे काय? बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत व्हीलचेअरचा खर्च धरत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. त्यामुळे मुख्य वाट केंद्राच्या 'एडिप' योजनेची. सर्व मार्गांनी येणारे मासिक उत्पन्न विचारले जाते. ते २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या खर्चात. मोटरच्या साधनासाठी मात्र वय १६ पूर्ण आणि अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त लागते, आणि ते १० वर्षांतून एकदाच मिळते. म्हणून घाईने चुकीच्या मापाची खुर्ची घेऊ नका.

इथेच ताईंची गाडी अडली होती. प्रमाणपत्र पाच वर्षांपूर्वीचे होते. आजार वाढला, टक्के कागदावर तेच राहिले. वाढत्या आजारात पुन्हा तपासणी मागता येते. ८० टक्के किंवा जास्त असल्यास यूडीआयडी कार्ड निळ्या रंगाचे मिळते. पिवळे म्हणजे ४० ते ८० टक्क्यांच्या आतले.

अर्जासोबत यूडीआयडी, आधार, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. चिठ्ठीत 'व्हीलचेअर आवश्यक' एवढेच नको. हाताने खुर्ची का चालत नाही, कोणते आधार हवेत, हे लिहून घ्या. नकार तोंडी आला तर लेखी कारण मागा. उत्तर नाही आले तर माहिती अधिकारात अर्ज करा, त्याला ३० दिवसांची मुदत आहे. पुढची पायरी म्हणजे पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार. पैसे कमी पडले तर ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत विचारा. स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी त्यांनी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो.

आणि खुर्ची मागण्याआधी आपली गल्ली मोजा. दार किती रुंद, उंबरा किती उंच, चार्जिंगचा प्लग कुठे, पावसात खुर्ची कुठे ठेवणार? गल्ली अरुंद असेल तर मापाची साधी खुर्ची आणि तिला जोडायचे मोटरचे चाक हाही मार्ग आहे. आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेली अशी जोडणी २०२१ पासून बाजारात आहे. पण ती चालवायला हातात थोडी ताकद लागते, हे ध्यानात ठेवा.

ताईंच्या मुलाची पुन्हा तपासणी झाली, निळे कार्ड आले. विहारातल्या दोन मुलांनी अर्ज भरून दिला. खुर्ची अजून यायची आहे. पण या वेळी अर्जाची पोच ताईंच्या हातात आहे, आणि दाराचा उंबरा शेजाऱ्यांनी उतरता करून दिला आहे. तुमच्या गल्लीत असे कुणी घरात बसून असेल, तर या रविवारी त्यांचे प्रमाणपत्र बाहेर काढून तारीख तपासा.