ऐकणाऱ्या वऱ्हाडात पुस्तकाचे दुकान

वऱ्हाडी माणसाला ऐकायला बसवण्यासाठी फार आग्रह करावा लागत नाही. अमरावतीत गझलची मैफल असो, अकोल्यात कविसंमेलन असो की एखाद्या खेड्यातल्या पारावर कीर्तन असो. थंडीत मफलर गुंडाळून, सतरंजीवर मांडी ठोकून तो मध्यरात्रीपर्यंत बसतो, मोकळ्या गळ्याने दाद देतो, कवीला तीच कविता पुन्हा म्हणायला लावतो. मग उठताना मंडपाच्या दाराशी टेबलावर मांडलेल्या पुस्तकांवरून एक नजर फिरवतो आणि चपला शोधून घरी जातो. ते टेबल मांडणाऱ्या विक्रेत्याची त्या रात्रीची कमाई बहुधा ऑटोच्या भाड्यातच संपते. गेली अनेक वर्षे मी हे पाहत आलो आहे आणि हळूहळू माझे मत असे झाले आहे की, आपल्याकडे वाचक नाहीत ही ओरड खोटी आहे. वाचक आहेत, पण ते ऐकतात एका जागी आणि पुस्तक असते भलत्याच जागी.

ऐकण्याची ही आवड काही आजची नाही. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून ज्याचा मान आहे ते 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध झाले, तेही ऐकण्यातूनच. चक्रधरांच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या त्यांच्याकडे म्हाइंभट गेले, त्यांना बोलते केले, आणि ऐकलेले लिहून काढले. त्या रिद्धपुरात २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. माधानचे गुलाबराव महाराज तान्हेपणीच अंध झाले. पण दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेऊन आणि स्वतःचे ग्रंथ दुसऱ्यांना सांगून त्यांनी अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात केवढी ग्रंथरचना केली! गाडगेबाबांचे कीर्तन आणि तुकडोजी महाराजांची खंजिरी यांबद्दल तर वऱ्हाडात कोणाला काही सांगायला नको. पुढे याच अमरावतीत १९३२ साली जन्मलेल्या सुरेश भटांनी मराठी गझल छापील पानावरून उचलून मैफलीत आणली. त्यांची गझल ज्यांनी त्यांच्याच तोंडून ऐकली, त्यांना पुढे ती मनात वाचतानाही तोच आवाज ऐकू येत राहिला. विठ्ठल वाघांची 'तिफन' अशीच. ती ज्यांना पाठ आहे त्यांतल्या कितीजणांनी ती पुस्तकात वाचली असेल?

आणखी एक नाव या संदर्भात घ्यायला हवे, आणि ते सहसा घेतले जात नाही. गो. नी. दांडेकर. कोकण, मावळ आणि दुर्ग यांच्याशी त्यांचे नाव इतके जोडले गेले आहे की त्यांचा जन्म परतवाड्याचा, १९१६ चा, हे आपण वऱ्हाडीसुद्धा विसरतो. कोवळ्या वयात घर सोडून निघालेला हा मुलगा गाडगेबाबांच्या सहवासात राहिला होता. पुढे सत्तरच्या दशकात याच गोनीदांनी कन्या वीणा देव आणि जावई विजय देव यांना बरोबर घेऊन आपल्या कादंबऱ्यांचे अभिवाचन सुरू केले. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. समोर पुस्तक आणि तीन आवाज. कादंबरीसारखा ऐसपैस प्रकार लोक दोन-अडीच तास शांतपणे ऐकतील यावर तेव्हा किती जणांचा विश्वास बसला असता? पण लोकांनी ऐकले, आणि देव कुटुंबाने तो वसा पुढच्या पिढीपर्यंत नेला. गाडगेबाबांच्या कीर्तनाशी या अभिवाचनाचे काही नाते असेल का, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण तसे वाटल्याशिवाय राहवत नाही, एवढे खरे.

हेच गोनीदा १९८१ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. अकोल्याने त्याआधी १९१२ सालीही संमेलन भरवले होते, हरिभाऊ आपट्यांच्या अध्यक्षतेखाली. अमरावतीत १९८९ मध्ये के. ज. पुरोहित, म्हणजे आपले 'शांताराम', अध्यक्ष झाले. विदर्भ साहित्य संघाची स्थापनाही १९२३ मध्ये अमरावतीचीच. नागपूरला तो नंतर गेला. दोन्ही शहरांत एकोणिसाव्या शतकातली वाचनालये आहेत. म्हणजे सभांना, समारंभांना, व्याख्यानमालांना इथे कधी तोटा नव्हता. तक्रार आहे ती सभेच्या घाटाबद्दल. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, मग प्रमुख पाहुणे, मग अध्यक्ष. ज्याच्या पुस्तकासाठी हे सारे, त्या लेखकाच्या वाट्याला पंधरा मिनिटे येतात, आणि त्यातही तो पुस्तकातले काही वाचत नाही. पुस्तकामागची प्रेरणा सांगतो. प्रेरणा ऐकून पुस्तक घ्यावेसे वाटलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आता दुकानाकडे येऊ. वऱ्हाडातल्या पुस्तकाच्या दुकानाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि बरेचसे जूनमध्येच संपते. शाळेची पाठ्यपुस्तके, वह्या, कव्हरे, गाइडे. त्यानंतर वर्षभर स्पर्धा परीक्षांचे जाडजूड ठोकळे. १९८३ मध्ये विद्यापीठ आल्यापासून अमरावतीत खेड्यापाड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलांची वर्दळ आहे. या मुलांच्या वडिलांकडे कापसाचे आणि तुरीचे जे काही पैसे उरतात त्यातून आधी खोलीचे भाडे जाते, मग मेसचे, मग गाइडचे. कादंबरी या रांगेत फार मागे उभी आहे. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही, आणि त्या मुलाला तर मुळीच नाही. अकोल्यातल्या एका दुकानदाराने मला एकदा स्वच्छ सांगितले, "सर, तुम्ही याला पुस्तकाचं दुकान म्हणता, पण हे गाइडचं दुकान आहे. पुस्तकं मी हौसेनं ठेवतो." हौसेची ही पुस्तके मागच्या भिंतीला, वरच्या दोन फळ्यांवर होती. शिडी लावल्याशिवाय हात पोचत नव्हता.

याच दुकानदाराने काही वर्षांपूर्वी एका रविवारी संध्याकाळी, गिऱ्हाइकी नसते त्या वेळी, दुकानात वाचन ठेवले. गाइडांचे गठ्ठे एका बाजूला सरकवले, ओळखीच्या बिछायतवाल्याकडून वीस खुर्च्या आणल्या. वाचायचे होते उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधले काही. शेळके जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. म्हणून एका महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या बाई वाचणार होत्या. माणसे तीसेक आली. उरलेली गठ्ठ्यांवर टेकली. ना हार, ना प्रास्ताविक. "बाई, करा सुरू," एवढेच उद्घाटन.

'धग' १९६० ची कादंबरी. दारिद्र्यात संसार ओढणाऱ्या कौतिकची ती गोष्ट आहे आणि तिच्यातली माणसे अस्सल वऱ्हाडी बोलतात. बाईंनी पहिला संवाद वाचला आणि दुकानात हशा पिकला. विनोदाचे काहीच नव्हते. पण वऱ्हाडी बोली माईकवरून किंवा मंचावरून आली की हसायचे, ही सवय आपल्याला लागली आहे. विनोदी वऱ्हाडी कवितेने आणि एकपात्री प्रयोगांनी या बोलीला मंच मिळवून दिला, मिर्झा रफी अहमद बेग यांच्यासारख्यांनी घराघरात ती पोचवली, हे त्यांचे ऋणच आहे. पण त्यामुळे एक झाले: या बोलीत माणूस रडूही शकतो, भांडू शकतो, उपाशी निजू शकतो, याचा ऐकणाऱ्यांना विसर पडला. बाई थांबल्या नाहीत. त्या त्याच संथ आवाजात वाचत राहिल्या. तिसऱ्या-चौथ्या पानावर हसू विरले. पुढे एक वेळ अशी आली की रस्त्यावरच्या ऑटोचा हॉर्नसुद्धा नकोसा वाटला. वाचन संपल्यावर कापूस बाजारात मापारी असलेले एक गृहस्थ शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "हे तं आमच्या मायचं बोलनं हाय." मोठ्याने बोलायचा त्यांना संकोच वाटला असावा.

त्या संध्याकाळी दुकानदाराने मागवून ठेवलेल्या 'धग'च्या पाचही प्रती गेल्या आणि वहीत सात नावे लिहिली गेली. गाइड घ्यायला आलेला एक मुलगा ते हातात धरून शेवटपर्यंत उभा होता. त्याने कादंबरी उलटून किंमत पाहिली आणि गाइडचेच पैसे दिले. हेही सांगितले पाहिजे. नाहीतर चित्र खोटे होईल.

पाच आणि सात म्हणजे बारा. मोठ्या सभागृहात पाचशे माणसांसमोर झालेल्या प्रकाशन समारंभात एवढ्या प्रती खपल्या तरी विक्रेते खूश असतात. फरक अंतराचा आहे. दुकानात आवाज आणि पुस्तक यांच्यात चार हातांचे अंतर असते. ऐकलेले अजून कानात असताना पुस्तक हातात येते. मंडपातून घरी जाईपर्यंत त्यावर संसाराचे दहा विषय येऊन बसतात.

ही युक्ती जगाला नवी नाही. पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच या बाईंनी १९१९ मध्ये 'शेक्सपिअर अँड कंपनी' हे इंग्रजी पुस्तकांचे दुकान काढले. जेम्स जॉइसची 'युलिसिस' १९२२ मध्ये त्यांनीच प्रसिद्ध केली, म्हणून त्यांचे नाव राहिले. पण १९३० नंतरच्या मंदीत ते दुकान बुडायला आले होते. तेव्हा आंद्रे जीदने पुढाकार घेतला आणि दुकानाच्या स्नेह्यांचे एक मंडळ झाले. सभासदांनी वर्षाची वर्गणी भरायची आणि त्या बदल्यात दुकानात येऊन लेखकाचे वाचन ऐकायचे. १९३६ मध्ये स्वतः जीद, पॉल व्हालेरी, टी. एस. एलियट तिथे येऊन वाचून गेले. जागा लहान म्हणून सभासदांची संख्या दोनशेवर जाऊ दिली नाही. दुकान तेव्हा तगले. ते बंद पडले १९४१ मध्ये, जर्मन अमलाखाली. आपल्याकडे मुंबईत मॅजेस्टिकच्या केशवराव कोठावळ्यांनी लेखक आणि वाचक यांना समोरासमोर बसवून 'मॅजेस्टिक गप्पा' रुजवल्या. फूटपाथवर जुनी पुस्तके विकून वर आलेला तो माणूस. पुस्तक माणसाभोवती विकले जाते हे त्याला कोणी शिकवायला नको होते. उलट, मुंबईचे 'स्ट्रँड' १९४८ पासून सत्तर वर्षे चालून २०१८ मध्ये बंद झाले, तेव्हा हळहळणाऱ्यांची संख्या केवढी होती! त्यांतले कितीजण शेवटच्या वर्षात तिथे पुस्तक घ्यायला गेले होते, हे विचारण्याची सोय नव्हती.

अमरावती-अकोल्यात एलियट येणार नाही, हे मला माहीत आहे. त्याची गरजही नाही. वऱ्हाडात पुस्तके काय थोडी आहेत? वाशीमच्या नामदेव कांबळ्यांच्या 'राघववेळ'ला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, बुलढाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ चा, बेलोऱ्यात जन्मलेल्या वसंत आबाजी डहाक्यांच्या 'चित्रलिपी'ला २००९ चा. खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांनी १९८७ मध्ये 'मेड इन इंडिया' लिहिली; ती तर डोळ्यांपेक्षा कानांसाठीच लिहिली आहे असे वाटावे, इतकी बोलती आहे. 'बारोमास' शेतकऱ्याच्या घरातली कादंबरी. ती गांधी रोडवरच्या दुकानात, बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांसमोर वाचली गेली तर काय होईल, हे मला पाहायचे आहे. सगळे हसतील की सगळे गप्प होतील?

खर्चाचा प्रश्न निघतोच. चहा, खुर्च्या आणि वाचणाऱ्याचे एस.टी.चे भाडे, यापलीकडे खर्च नाही. आणि तो एकट्या दुकानदारावर टाकू नये. पन्नास घरांनी वर्षाची लहानशी वर्गणी द्यावी आणि दुकानदाराने त्या घरांना पुस्तकावर सवलत द्यावी. घरबसल्या फोनवर पुस्तक याहून स्वस्त मिळते, हे खरे आहे. पण फोनवर 'धग' वाचून दाखवणाऱ्या बाई शेजारी बसलेल्या नसतात, आणि मापारीबुवाही नसतात. वाचनालयांनी आपले सभासद पाठवावेत, महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी वाचणारी माणसे द्यावीत. मुलांनाही वाचायला लावावे; वऱ्हाडी उच्चार त्यांच्या जिभेवर अजून आहेत, मुलाखतीच्या तयारीत ते घासले जाण्यापूर्वी. दुकानदाराने दोनच गोष्टी कराव्यात: वरच्या फळीवरची पुस्तके हाताच्या उंचीवर आणावीत, आणि ज्या पुस्तकाचे वाचन आहे त्याच्या प्रती आधी मागवून ठेवाव्यात.

महिना कोणताही चालेल. जून मात्र नको. जूनमध्ये त्या बिचाऱ्याला पाणी प्यायला फुरसत नसते.