सूर्यास्ताआधीचा मुक्काम

निघोजे, चाकण परिसरातील व्यापारी कुटुंबे दुकान वा वर्कशॉप चार दिवस बंद ठेवून यात्रेला निघतात, तेव्हा वेळेचा हिशेब काटेकोर असतो. श्रवणबेळगोळचेच उदाहरण घ्या. मोबाईलवरील नकाशा सुमारे 800 किलोमीटर अंतर आणि चौदा-पंधरा तास प्रवास दाखवतो. साहजिकच अर्धी वाट हुबळीला संपते आणि तिथेच हॉटेल आरक्षित केले जाते. गणित बरोबर असते. चुकतो तो सूर्य.

नकाशाचे तास केवळ चाकांचे असतात. डिसेंबरात सूर्योदय सातच्या आसपास. नवकारशी पाळणाऱ्यांना त्यानंतर 48 मिनिटे थांबावे लागते. म्हणजे गाडी आठपूर्वी हलत नाही. पुढे पाळीच्या बसगाड्या, कंटेनर, मग पुणे ओलांडून खंबाटकी घाट. दुपारचे भोजन व इंधन धरले, तर हुबळी येईपर्यंत सहाचा सूर्यास्त टळून गेलेला असतो. चौविहार पाळणाऱ्या आजी-आजोबांना मग उपाशी झोपावे लागते किंवा नियम मोडावा लागतो.

म्हणून मुक्काम अर्ध्या अंतरावरून न ठरवता सूर्यास्तावरून ठरवावा. हवामानाच्या अॅपमध्ये त्या गावाची सूर्यास्ताची वेळ मिळते. तिच्यातून भोजन व सामान उतरवण्यासाठी दीड तास वजा करावा. उरलेल्या वेळेत गाडी जिथवर पोहोचते, तेच मुक्कामाचे गाव. नकाशात प्रत्येक टप्पा स्वतंत्र टाकून निघण्याची वेळ निवडली, की त्या वेळच्या नेहमीच्या रहदारीचा अंदाज मिळतो.

या हिशेबाने पहिला मुक्काम हातकणंगले तालुक्यातील कुंभोज-बाहुबली येथे पडतो. अंतर सुमारे 250 किलोमीटर. दुपार टळता पोहोचून 28 फुटी बाहुबली मूर्तीचे दर्शनही होते. दुसरा मुक्काम हुबळीपुढे महामार्गालगतच्या वरूर येथील नवग्रह तीर्थाजवळ धरता येतो. तिसऱ्या दिवशी सुमारे 330 किलोमीटर उरतात. रात्री विसावा घेऊन पहाटे विंध्यगिरी चढावा. सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढायच्या असतात आणि ऊन वाढले की खडक तापतो.

एक सावधगिरी आवश्यक आहे. अनेक धर्मशाळा हॉटेल-आरक्षणाच्या संकेतस्थळांवर नसतात. नकाशात त्या शोधाव्यात, परंतु खोली, भोजनशाळेची शेवटची पंगत, उकळलेले पाणी आणि वृद्धांसाठी तळमजला या चार गोष्टी फोनवरच विचाराव्यात. संकेतस्थळावरील ‘शाकाहारी’ या शब्दात कांदा-लसूण आणि कंदमुळे वर्ज्य आहेत, असे गृहीत धरू नये. फोन क्रमांक कागदावर लिहावेत आणि मार्गाचा नकाशा आधीच उतरवून ठेवावा.

एक दिवस जास्त लागतो, हे खरे. व्यापारी माणसाला तो खर्च वाटेल. परंतु घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीचा नियम अखंड राहून यात्रा घडली, तर तो दिवस जमेच्याच बाजूला लिहावा.