कडबनवाडीच्या शेतात उतरलेलं विमान

25 जुलै 2022. बारामतीहून उडालेलं दोन आसनी सेसना 152 इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. आत 22 वर्षांची प्रशिक्षणार्थी वैमानिक एकटीच होती. इंजिनाची शक्ती गेल्यामुळे तिला विमान शेतात उतरवावं लागलं. विमानाचं बरंच नुकसान झालं, पण ती किरकोळ जखमांवर बचावली.

‘शिकाऊ मुलीला एकटीला सोडलंच कसं?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण एकट्याने उडणं हा या शिक्षणाचा गाभाच आहे. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण लागतं. त्यातले 100 तास विमानाची सूत्रं स्वतःच्या हाती हवीत. एकट्याने उडण्याची मुभा प्रशिक्षकाने पारखल्यावरच मिळते.

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येत नाही, ते तरंगत उतरतं. वारा नसेल तर सेसना 152 हजार मीटर उंचीवरून साधारण 9 किलोमीटर जाऊ शकतं. त्यासाठी नाक खाली ठेवून ताशी सुमारे 110 किलोमीटर वेग राखावा लागतो. भीतीने नाक वर ओढलं तर पंखांची उचल संपते, आणि खरा घात तिथे होतो. मग मोकळं शेत हेरायचं, विजेच्या तारा टाळायच्या, आणि हे सारं दोन-चार मिनिटांत. मला त्या मुलीचं मनापासून कौतुक वाटतं.

अशा अपघातांची चौकशी विमान अपघात अन्वेषण विभाग करतो. चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोषी ठरवणं नव्हे. म्हणून अशा कुठल्याही अपघातात अहवाल येईपर्यंत कुणालाही बोल लावू नका.