पुस्तकाबाहेरची तयारी

पोलादपुराकडचे एक पालक परवा मला म्हणाले, "सर, पोरगी गणितात नि शास्त्रात पक्की आहे. आता तिची काळजी नाही." मी मान डोलावली खरी, पण मन स्वस्थ बसेना. गणित-शास्त्र हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण तेवढ्यावर उद्याचा दिवस निभेल काय?

आपल्याच मुलखाकडे पाहू. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला तळियेवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच वेळी पोलादपुरात केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी पडल्या, नि महाड शहर पुरात बुडाले.

मी वर्गात विचारले, "दरड का कोसळते?" उत्तर खडाखडा आले : उतारावरची माती पाणी पिऊन जड होते, पकड सुटते, ती खाली येते. मग विचारले, "वाडीच्या वर भेग दिसली, तर आधी कुणाला सांगाल? आजी घर सोडायला तयार नसेल, तर तिला कसे पटवाल?" वर्ग गप्प. चूक मुलांची नव्हे, माझी. ते मी कधी शिकवलेच नव्हते.

ठाऊक असणे आणि त्याप्रमाणे वागणे यांतले अंतर महाडने पूर्वीही पाहिले आहे. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. कागद झाला, पाणी मात्र मिळेना. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले, तेव्हा त्या कागदात जीव आला. लोकांना मार खावा लागला. कोर्टातला वाद १९३७ पर्यंत चालला.

मग शिक्षकांनी काय करावे? पावसापूर्वी मुलांना वाडीभोवती फिरवावे. उताराला पडलेली नवी भेग, कललेले झाड, एकाएकी गढूळ झालेला झरा, यांची वहीत नोंद करवावी. जुन्या पुराचे पाणी कुठवर चढले होते, ते वडीलधाऱ्यांना विचारून आणायला सांगावे. ती वही ग्रामसभेत मुलांनीच वाचावी. यात भूगोल आला, भाषा आली, आणि चारचौघांत बोलण्याची भीडही मोडली.

आपली मुले पुढे बिरवाडीच्या कारखान्यात जातील, मुंबईला जातील, की आज ज्याला नावही नाही असा धंदा करतील, हे कोणी सांगावे? कुठेही गेली तरी न शिकवलेला प्रश्न पुढ्यात येणारच.

ते पालक पुन्हा भेटले तर एवढेच विचारीन, "पोरगी हुशार आहे, छान झाले. पण भेग दिसली तर ती बोलेल ना? आणि ती बोलली, तर आपण ऐकू ना?"