बुटातले दोन क्रोमियम

जूनमध्ये शाळा उघडते. नवे बूट घालून आठवडा होत नाही तोच एखाद्या मुलाच्या पावलावर लालसर पुरळ उठते. ‘चिखल्या झाल्या असतील,’ म्हणून घरचे मलम लावतात. पण चिखल्या बोटांच्या बेचक्यात होतात. पुरळ पावलाच्या वरच्या बाजूला, चामडे टेकते तिथेच असेल, तर संशय बुटावर घ्यावा.

जगातले बहुतेक चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. हे क्षार कातड्यातले कोलॅजेनचे धागे एकमेकांना बांधतात, म्हणून ते कुजत नाही. झाडांच्या साली वापरून जे काम व्हायला आठवडे लागतात, ते क्रोमियम दिवसभरात उरकते. हे क्रोमियम त्रिसंयुजी असते आणि त्वचेत सहजी शिरत नाही. मात्र उष्णता, ऊन, कोरडी हवा आणि चामडे मऊ करणारी काही तेले यांमुळे त्याचा थोडा अंश ऑक्सिडीकरण होऊन षट्संयुजी बनतो. कारखान्यातून निर्दोष निघालेले चामडे गोदामात पडून असतानाही असे बिघडू शकते.

षट्संयुजी क्रोमियम घामात विरघळून त्वचेत उतरते. तिथे ते पुन्हा त्रिसंयुजी होऊन प्रथिनांना चिकटते आणि शरीर त्या जोडीला शत्रू समजू लागते. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. म्हणूनच युरोपीय संघाने १ मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्यात षट्संयुजी क्रोमियमला किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली.

यावर एक उपाय वनस्पतींकडेच आहे. साली-फळांतली टॅनिने ऑक्सिडीकरण रोखतात. क्रोमियमने कमावलेल्या चामड्याला नंतर त्यांचा हात दिला, तर षट्संयुजी रूप तयार होणे बरेच टळते. कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांनीच कमावतात; त्यात क्रोमियम लागतच नाही.

घरी एवढे करावे: बुटांत सुती मोजे घालावेत, ओले बूट चुलीजवळ किंवा उन्हात न ठेवता सावलीत, वाऱ्यावर वाळवावेत. तान्ह्याला चामडे चघळू देऊ नये. पुरळ हटत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी.

पण षट्संयुजी क्रोमियम ना डोळ्यांना दिसते, ना नाकाला कळते. ते शोधायला प्रयोगशाळाच लागते. म्हणून मुलांच्या बुटांच्या खोक्यावर मापाच्या आकड्याशेजारी या चाचणीचा निकालही छापलेला असायला हवा.